शुश्रूषा

काही शब्द रोजच्या वापराने जुन्या नाण्यासारखे गुळगुळीत होतात. त्यांच्यावरचा छाप पुसून जातो, तरी बाजारात ते चालत राहतात. ‘शुश्रूषा’ हा असाच एक शब्द. शाळेत मुले तो लिहिताना हमखास अडखळतात. पहिला ऱ्हस्व की दुसरा, यावर वर्गात दरवर्षी एकदा तरी वाद होतोच. अर्थाविषयी मात्र कोणाला शंका नसते. आजाऱ्याचे अंग पुसावे, त्याला वेळेवर औषध द्यावे, त्याचे अंथरूण बदलावे, म्हणजे शुश्रूषा झाली, असे आपण सारेच समजतो.

पण हा शब्द ज्या धातूपासून निघाला तो ‘श्रु’, म्हणजे ऐकणे. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. गुरूचे शब्द कानी पडावेत म्हणून शिष्य त्याच्याजवळ राही, त्याची लहानमोठी कामे करी. त्यातून सेवा हा अर्थ आला आणि हळूहळू तो आजाऱ्याच्या उशाशी येऊन बसला. सेवा राहिली, ऐकणे मात्र वाटेत कोठेतरी गळून पडले.

म्हाताऱ्या माणसाची काळजी घरच्या घरी कशी घ्यावी, आणि त्या काळजीत त्याच्या स्वतःच्या म्हणण्याला किती स्थान द्यावे, या प्रश्नाचा अभ्यास आज परिचर्याशास्त्रातले संशोधक जगभर करीत आहेत. हा प्रश्न विलायतेहून आलेला नवा प्रश्न आहे, असे कोणी समजू नये. आपल्या महाराष्ट्रात, आणि विशेषतः आम्हा यवतमाळकरांच्या शेजारी वर्धा नदीच्या पलीकडच्या तीरावर, त्याची उत्तरे शोधणारी माणसे होऊन गेली आहेत. दिवाळीला मुले-नातवंडे घरी येतात, आणि ओसरीवरच्या बाजेवर पडलेले घरातले सर्वांत वडील माणूस त्या गलबल्याकडे पाहत असते. अशा दिवसांत हा इतिहास एकदा उजळून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

चार पायांची बाज

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. वैद्य हा पहिला, औषध दुसरा, शुश्रूषा करणारा म्हणजे उपस्थाता हा एक, आणि चौथा पाद खुद्द रोगी. बाजेचा एक पाय आखूड झाला तर ती जशी डुगडुगते, तसेच या चौघांपैकी एक जरी उणा पडला तरी उपचार डुगडुगतात, असा त्यातला आशय.

या चारही पादांचे प्रत्येकी चार गुण चरकाने दिले आहेत. शुश्रूषा करणाऱ्याला उपचारांचे ज्ञान हवे, हाताला सफाई हवी, रोग्याविषयी माया हवी आणि अंगी स्वच्छता हवी. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. माया पुरे, असे ग्रंथकार म्हणत नाही. मायेच्या जोडीला तो ज्ञान मागतो. रोग्याच्या गुणांतही आज्ञा पाळणे आहे, धीर धरणे आहे, स्मरण आहे. पण त्यांच्याच पंगतीला आणखी एक गुण बसवला आहे. तो म्हणजे ‘ज्ञापकत्व’, आपल्याला काय होत आहे ते दुसऱ्याला समजावून सांगण्याची शक्ती. सांगणारा असला की ऐकणारा हवाच, हे ओघानेच आले.

प्रत्यक्ष घरात काय होत होते? जुन्या एकत्र कुटुंबात म्हातारे माणूस कधी एकटे पडत नसे, असे आपण अभिमानाने सांगतो. ते बरेचसे खरेही आहे. पण ती सेवा करीत कोण असे? सून करी, विधवा नणंद करी, नाहीतर दूरच्या नात्यातली पोरकी मुलगी करी. पहाटे उठून शेण-गोठा, मग दळण, मग निंदणाला वावरात, आणि संध्याकाळी सासूचे अंग चेपणे. तिला हे काम कोणी शिकवले नाही, त्याचे मोलही कोणी केले नाही. अर्धांगाचा झटका आलेल्या माणसाला कुशीवर कसे वळवावे, घास श्वासनळीत जाऊ नये म्हणून त्याला किती उठवून बसवावे, हे तिने ठेचा खात शिकायचे. त्या शिकण्याच्या काळात पाठीला जखमा होत त्या म्हातारीच्या! घरात माया होती, माणसेही होती. ज्ञान आणि ऐकणे हे दोन पाय मात्र आखूड होते. बाजेवरच्या म्हातारीचे कोणी ऐकत नसे, आणि तिची उस्तवार करणाऱ्या सुनेचे तर त्याहूनही नाही.

प्लेगचे साल

न ऐकता केलेल्या शुश्रूषेचे काय होते, हे महाराष्ट्राने १८९७ साली फार मोठी किंमत देऊन पाहिले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि काही महिन्यांतच तो पुण्यास पोहोचला. सरकारने १८९७ च्या आरंभी साथीच्या रोगांचा कायदा केला. गोरे शिपाई पुण्यात घरोघर शिरून आजारी माणसे शोधू लागले. रोगी सापडला की त्याला उचलून रुग्णालयात न्यायचे, घरच्यांना वेगळ्या छावणीत ठेवायचे, सामानसुमान जाळायचे. रोग पसरू नये हा हेतू वाईट नव्हता. वैद्यकीय दृष्ट्या त्यात तथ्यही होते. पण नेल्या जाणाऱ्या माणसाला कोणी काही विचारीत नव्हते, मागे राहिलेल्यांना कोणी काही सांगत नव्हते, आणि देवघर-माजघर यांची मर्यादा कोणी पाळीत नव्हते. परिणाम असा झाला की लोक रोग लपवू लागले. जो उपाय रोग उघडकीस आणण्यासाठी योजला, त्यानेच तो अंधारात ढकलला. लोकांचा संताप पुढे कोठवर गेला ते सर्वश्रुत आहे. २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँड याच्यावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली.

त्याच पुण्यात, त्याच वर्षी, सावित्रीबाई फुले यांनी आपला डॉक्टर मुलगा यशवंत याच्यासह गावाबाहेर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या वस्तीतील पांडुरंग गायकवाड या मुलाला प्लेगची गाठ आल्याचे कळताच त्यांनी त्याला स्वतःच्या पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना मात्र त्याच रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तेव्हा त्या साठीच्या घरात होत्या. लोकमान्य टिळकांनीही हिंदू लोकांसाठी प्लेगचे वेगळे रुग्णालय काढण्यास हातभार लावला. तेथे आपलेपणा वाटून लोक येऊ शकत.

रोग एकच, शहर एकच आणि रोग्याला घरातून हलवण्याची गरजही तीच. एका ठिकाणी शिपाई दार ढकलून आत येत होता. दुसऱ्या ठिकाणी ओळखीची एक वृद्ध बाई पाठ पुढे करीत होती. शुश्रूषा कोण करतो आणि कोणत्या रीतीने करतो, याला औषधाइतकेच महत्त्व आहे, हा धडा त्या सालाने दिला.

त्यानंतर बारा वर्षांनी, १९०९ मध्ये, रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभे केले. विधवा आणि परित्यक्ता बायकांना शिकवून आपल्या पायावर उभे करावे, हा त्या संस्थेचा उद्देश. ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास मुली पाठवणे हा तिच्या कामाचा एक मोठा भाग होता. आज आपल्याला त्यात नवल वाटणार नाही. पण परक्या पुरुषाचे अंग पुसायचे, कोणत्याही जातीच्या माणसाचे मलमूत्र काढायचे, आणि त्याबद्दल पगार घ्यायचा, ही गोष्ट त्या काळच्या पांढरपेशा घरांना किती जड गेली असेल, याची कल्पना करावी. पिढ्यान्पिढ्या जी कामे घरातली विधवा मुकाट्याने करीत होती, ती शिकायची विद्या आहे आणि तिला मोल आहे, हे सेवासदनाने प्रथमच मोठ्या प्रमाणावर दाखवून दिले.

वर्धेपलीकडच्या झोपड्या

आता आपल्या परिसराकडे वळू. वर्धा नदी ही यवतमाळ जिल्ह्याची शीव. पलीकडच्या वर्धा जिल्ह्यात मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूर येथे कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केले. त्या काळी हे काम बहुतेक मिशनरी मंडळींकडेच होते. पुढे १९३९ मध्ये सेवाग्रामच्या आश्रमाच्या दारात परचुरेशास्त्री येऊन उभे राहिले. हे संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातले गांधीजींचे सोबती. कुष्ठाने शरीर झिजलेले, समाजाने दूर लोटलेले.

गांधीजींनी आपल्या कुटीजवळच त्यांच्यासाठी झोपडी बांधवली. रोजच्या कामाच्या रगाड्यातून वेळ काढून ते स्वतः त्यांच्या जखमा पाहत आणि अंगाला मालिश करीत. त्या प्रसंगाचे छायाचित्र पुष्कळांनी पाहिलेले असते. त्याहून महत्त्वाची पण कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की परचुरेशास्त्री आश्रमात केवळ रोगी म्हणून राहिले नाहीत. ते आश्रमवासीयांना संस्कृत शिकवीत. ज्याच्या अंगाला मालिश व्हायचे, तोच दुसऱ्या वेळी गुरू होऊन बसायचा. शुश्रूषेचा मूळ अर्थ, गुरूपाशी बसून ऐकणे, येथे पुन्हा जागेवर आला म्हणायचे! १९४५ मध्ये दत्तपूर येथे शास्त्रीबुवांचा अंत झाला.

वणीहून वरोरा फार दूर नाही. तेथे बाबा आमटे यांनी सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू केले. १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते त्याचा आरंभ झाला. रोग्यांनी तेथे विहीर खणली, शेती पिकवली, घरे बांधली. हाताची बोटे झडलेल्या माणसालाही करता येईल असे काम असते, आणि ते काम त्याच्याकडून काढून घेणे हा त्याच्यावर दुसरा रोग लादण्यासारखाच प्रकार आहे, हे आनंदवनाने डोळ्यांपुढे उभे केले.

कोणी म्हणेल, कुष्ठरोगाची गोष्ट वेगळी आणि म्हातारपणाची वेगळी. रोग म्हणून ती वेगळी आहेच. पण दोन्हींत माणूस एकाच रीतीने हरवतो. प्रथम त्याच्या हातून कामे जातात, मग निर्णय जातात, शेवटी त्याच्या समोरच इतर माणसे त्याच्याविषयी तो तेथे नसल्यासारखे बोलू लागतात. “यांना आता काही समजत नाही,” असे घरातले पाहुण्याला सांगतात आणि आबाजी भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. त्यांना सगळे समजलेले असते.

उशी, घड्याळ आणि वही

या सगळ्या अनुभवाचे शास्त्र कसे झाले, ते पाहण्यासाठी थोडे इंग्लंडात जावे लागेल. कारण तेथे परिचारिकांनी प्रथम हातात वही घेतली.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी शुश्रूषेवर आपले प्रसिद्ध पुस्तक लिहिले ते १८५९ च्या सुमारास, आणि ते मुख्यतः घरात आजारी माणसे सांभाळणाऱ्या सामान्य बायकांसाठी लिहिले. त्याच वर्षी लिव्हरपूलमध्ये विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याने, आपल्या पत्नीच्या शेवटच्या दुखण्यात तिची सेवा केलेल्या परिचारिकेला गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करण्यासाठी नेमले. घरी जाणाऱ्या शिकलेल्या परिचारिकेची परंपरा तेथून सुरू झाली.

पुढे १९३५ मध्ये लंडनजवळच्या एका रुग्णालयाकडे शेजारच्या अनाथ-अपंगांच्या आश्रयस्थानातले सातशेहून अधिक रोगी आले. त्यांत बहुतेक म्हातारे, वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले. डॉ. मार्जरी वॉरन यांनी त्यांना एकेक करून तपासले. अनेकांना नेमके काय झाले आहे हे कोणी पाहिलेच नव्हते! निजवून ठेवले म्हणून ते निजून होते. त्यांनी त्यांना उठवले, बसवले, चालवले. कित्येकांना घरी जाता आले. वृद्धांच्या वैद्यकाची स्वतंत्र शाखा त्या कामातून वाढीस लागली.

१९६२ साली डोरीन नॉर्टन या परिचारिकेने आपल्या सहकाऱ्यांसह रुग्णालयातील वृद्धांच्या शुश्रूषेचा एक अहवाल प्रसिद्ध केला. विषय दिसायला अगदी क्षुल्लक, पाठीवर होणाऱ्या जखमा. त्या टाळण्यासाठी परिचारिका पिढ्यान्पिढ्या नाना प्रकारचे मलम, स्पिरिट आणि पावडरी चोळीत आल्या होत्या. नॉर्टनबाईंनी काटेकोर नोंदी ठेवल्या. त्यांतून दिसले की चोळण्याच्या द्रव्यांवर फारसे काही अवलंबून नाही. शरीराच्या एकाच जागी पडणारा भार हलवणे हाच खरा उपाय. माणसाला ठराविक वेळाने कुशीवर वळवावे, साधारण दर दोन तासांनी. म्हणजे औषधाच्या बाटलीपेक्षा भिंतीवरचे घड्याळ अधिक उपयोगी!

जखमांचा धोका कोणाला आहे हे आधीच ओळखता यावे म्हणून त्यांनी एक साधे मोजमापही दिले. पाच गोष्टी पाहायच्या : शरीराची एकूण स्थिती कशी आहे, मन जागेवर आहे का, माणूस हिंडू-फिरू शकतो का, अंथरुणात स्वतः हालचाल करू शकतो का, आणि मलमूत्रावर ताबा आहे का. प्रत्येकाला एक ते चार गुण. वीसपैकी चौदा किंवा त्याहून कमी गुण पडले तर जपावे. चौथी-पाचवीतल्या मुलालाही ही बेरीज जमेल. मोजमाप इतके सोपे आहे म्हणूनच ते घरच्या माणसाच्या हाती देता येते.

अमेरिकेत डोरोथिया ओरेम यांनी १९७१ मध्ये आपला विचार पुस्तकरूपाने मांडला. तो थोडक्यात असा : आजारी माणूस स्वतःसाठी जे करू शकतो ते त्यालाच करू द्यावे, जेवढे कमी पडते तेवढेच शुश्रूषेने भरून काढावे. आपल्याकडे प्रेमापोटी नेमके याच्या उलट होते. म्हाताऱ्याच्या हातून दाढीचे सामान काढून घेतो, पेला आपणच तोंडाला लावतो, “तुम्ही स्वस्थ बसा” असे म्हणतो. काही महिन्यांनी तो खरोखरच स्वस्थ बसतो, आणि पुन्हा उठत नाही.

जामखेड ते गडचिरोली

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे दवाखाने वाढले. आमच्या यवतमाळात १९८९ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झाले. पण खेड्यातल्या घरापर्यंत विद्या पोहोचवण्याचे काम वेगळ्या वाटेने झाले.

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे पती-पत्नी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडला आले. त्यांनी गावोगावच्या बायका निवडून आरोग्यसेविका तयार केल्या. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित वस्तीतल्या होत्या. ज्यांना पाण्याच्या हौदाला हात लावू दिला जात नव्हता, त्या बाळंतपण, जखमा, जुलाब, क्षय यांविषयी गावाला सांगू लागल्या आणि गाव ऐकू लागले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याआधी एक वर्ष, १९७८ मध्ये, आल्मा-आटा येथे जगातील देशांनी मिळून जाहीर केले होते की आपल्या आरोग्यसेवेची आखणी आणि अंमलबजावणी यांत भाग घेणे हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही. जामखेडच्या बायकांना ते जाहीरनाम्यातून कळण्याची गरज पडली नाही.

सेवाग्रामला १९८० च्या सुमारास डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांत एक योजना मांडली. सुगीच्या वेळी प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि त्या आधारावर गावाला रुग्णालयाची सेवा मिळायची. ज्याने पायलीभर का होईना ज्वारी घातली, तो रुग्णालयात याचक म्हणून जात नाही. त्याच्या बोलण्याला वजन येते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. सरकारी रुग्णालयात का येत नाही, असे त्यांनी आदिवासींनाच विचारले. उत्तरे ऐकण्यासारखी होती. मोठ्या इमारतीची भीती वाटते. पांढऱ्या कपड्यांतली माणसे पाहून प्रेताच्या कफनाची आठवण येते. आमच्या माणसांना जवळ राहू देत नाहीत. तेव्हा शोधग्रामचे रुग्णालय झोपड्यांच्या वस्तीसारखे बांधले गेले, नातेवाइकांना राहायला जागा झाली आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. ऐकण्याच्या इच्छेतून उभी राहिलेली ही वास्तू आहे.

पुढे ३९ गावांत त्यांनी गावच्याच बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचे शिक्षण दिले. १९९५ मध्ये हे काम सुरू झाले आणि काही वर्षांतच तेथील नवजात बालमृत्यू निम्म्याहून खाली आले. ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात १९९९ मध्ये तो अभ्यास छापून आला, आणि पुढे देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात ती पद्धत शिरली. घर हे उपचाराचे ठिकाण होऊ शकते, आणि सातवी शिकलेली बाई ती विद्या आत्मसात करू शकते, हे आकड्यांनी सिद्ध झाले.

आयुष्याच्या आरंभी जे घरी जमले, ते आयुष्याच्या शेवटी का जमू नये? केरळाने ते करून दाखवले आहे. कोझिकोड येथे १९९३ मध्ये वेदनाशमनाचे काम सुरू झाले, आणि काही वर्षांत शेजारपाजारच्या स्वयंसेवकांची जाळी विणली गेली. परिचारिका घरोघर जाते, शेजारी सोबत येतात, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या वेदना, जखमा आणि एकटेपणा तिन्ही पाहिले जातात. २००८ मध्ये त्या राज्य सरकारने हे आपले धोरण म्हणून स्वीकारले.

आपल्या दारात

आता पुन्हा यवतमाळ. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजारांवर होती आणि दर दहा माणसांतली जवळजवळ आठ खेड्यात राहत होती. त्याच जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेली माणसे दर दहांत जवळजवळ एक होती. कापसाच्या या मुलखात तरुण मुलगा पुण्याला, नागपूरला, नाहीतर सुरतेला जातो. काही घरांत तो कायमचाच गेलेला असतो; कर्जाने आणि नापिकीने आमच्या जिल्ह्यातल्या किती घरांचे कर्ते पुरुष नेले, हे साऱ्या देशाला ठाऊक आहे. मागे राहतात म्हातारे आई-बाप आणि तरुण सून. तिने वावर पाहायचे, मुले पाहायची आणि बाजेवरचा सासराही पाहायचा.

तिच्यासाठी कागदावर काहीच नाही असे नाही. वृद्धांच्या आरोग्यासाठी केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०–११ पासून आहे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला आरोग्यसेविकेने घरी भेट द्यावी, आणि त्याला सांभाळणाऱ्या घरच्या माणसाला शिकवावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. २००७ च्या कायद्याने आई-बापांना मुलांकडून निर्वाहासाठी पैसे मागता येतात. आशा कार्यकर्ती जो तपासणीचा अर्ज भरते, त्यात साठीपुढच्या माणसांसाठी वेगळे प्रश्न आहेत : चालताना तोल जातो का, रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावे विसरतात का. हे सगळे चांगलेच आहे. पण साधारण हजार लोकवस्तीला एक आशा. तिच्यामागे बाळंतपणे, लसी आणि नोंदवह्यांचा असा ससेमिरा, की म्हातारीचा क्रम बहुधा शेवटी लागतो. कायदा पैसा देववू शकतो. ऐकणारा कान तो देववू शकत नाही.

नर्सिंग महाविद्यालयांतल्या विद्यार्थिनी पदव्युत्तर परीक्षेसाठी प्रबंध लिहितात. त्यांत पुष्कळदा घरी वृद्धांना सांभाळणाऱ्यांना पद्धतशीर शिकवल्याने काय फरक पडतो, हा विषय असतो. हे प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात राहतात. त्यांतला सार चार पानांच्या मराठी पुस्तिकेत येऊन खेड्यातल्या सुनेच्या हाती पडला, तर त्या मुलींच्या मेहनतीचे चीज होईल. शाळामास्तराच्या नात्याने मला याहूनही एक सोपी वाट दिसते. नॉर्टनबाईंची पाच प्रश्नांची बेरीज आठवीच्या वर्गात एका तासात शिकवून होते. आजी-आजोबांच्या जवळ घरात सर्वांत जास्त वेळ असतात ती ही मुलेच.

या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासातून तीन गोष्टी पुन्हापुन्हा वर येतात. शुश्रूषा ही शिकायची विद्या आहे, आणि ती कोणत्याही बाईला, पुरुषाला, मुलाला शिकता येते. शुश्रूषा करणाऱ्याचीही कोणीतरी विचारपूस करावी लागते. सुनेला आठवड्यातून एक दिवस उसंत मिळाली तर म्हाताऱ्याचे उरलेले सहा दिवस सुधारतात. आणि तिसरी, ज्याच्यासाठी हे सारे करायचे त्याला विचारल्यावाचून केलेली सेवा प्लेगच्या शिपायासारखी होते, हेतू कितीही चांगला असला तरी.

दिवाळीच्या फराळाचे ताट आबाजींच्या बाजेपाशी नेऊन ठेवताना बहुतेक घरांत त्यांच्यासाठी आधीच ठरवलेले असते : हे त्यांना चावणार नाही, ते त्यांना पचणार नाही. ठरवणे बरोबरही असेल. तरी यंदा ताट ठेवण्यापूर्वी क्षणभर बाजेच्या कडेला बसावे, आणि आपल्या वऱ्हाडी बोलीत एवढेच विचारावे, “आबाजी, काय खावंसं वाटून रायलं?” मग मात्र उत्तर येईपर्यंत थांबावे. म्हाताऱ्या माणसाचे उत्तर यायला वेळ लागतो. तेवढा वेळ थांबणे, यालाच आपल्या पूर्वजांनी शुश्रूषा म्हटले होते.